घरच्या फाइल सर्व्हरचं सॉफ्टवेअर: कमीत कमी लक्ष मागणारं कोणतं?

फाइल सर्व्हर म्हणजे चोवीस तास चालू असलेला एक छोटा कॉम्प्युटर. त्यात एक-दोन मोठ्या हार्ड डिस्क, राउटरला जोडलेली एक केबल आणि घरातल्या प्रत्येक लॅपटॉपवर, फोनवर दिसणारी काही सामायिक फोल्डरं. लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, विम्याचे कागद, सगळं एका जागी. काम एवढंच, पण ते करणारी सॉफ्टवेअरं भरपूर आहेत, आणि त्यांच्या वैशिष्ट्यांच्या याद्या समोर ठेवून निवडायला बसलं की सगळी सारखीच दिसू लागतात. कारण सरळ आहे. विंडोजला, मॅकला, फोनला फोल्डर दाखवण्याचं मुख्य काम यातल्या बहुतेकांच्या पोटात एकच प्रोग्रॅम करतो. त्याचं नाव सांबा. अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1992 मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प आज इतका पक्का झाला आहे की फाइल इकडून तिकडे नेण्यात कुठलंच सॉफ्टवेअर फारसं कमी पडत नाही.

फरक दिसतो तो काहीतरी बिघडतं त्या दिवशी. म्हणून निवड करताना तीन गोष्टी विचाराव्यात. अपडेट कोण करणार, आणि ते फसलं तर मागे कसं यायचं? डिस्क खराब व्हायला लागली तर आपल्याला कळणार कसं? आणि मदरबोर्ड जळाला तर त्यातल्या डिस्क दुसऱ्या मशीनवर वाचता येतील का? या तिन्हींची उत्तरं चांगली असली की सर्व्हर वर्षातून दोन-तीनदा, तासाभरासाठी लक्ष मागतो. बाकी वेळ तो माळ्यावर किंवा टीव्हीच्या कपाटात गप्प बसून राहतो.

अपडेट आधी घेऊ, कारण तिथेच सर्वात जास्त लोक गाफील राहतात. 2015 नंतर अपडेट बंद झालेल्या डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या माय बुक लाइव्ह या डिस्कपेट्या जून 2021 मध्ये जगभरात एकाएकी रिकाम्या झाल्या. इंटरनेटवरून कोणीतरी त्यांच्यातल्या जुन्या पळवाटा वापरून त्यांना फॅक्टरी रीसेट केलं होतं. जानेवारी 2022 पासून डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने क्यूनॅप कंपनीच्या अशाच पेट्यांवरच्या फाइली कुलूपबंद केल्या. त्या पेट्याही थेट इंटरनेटवर उघड्या होत्या. म्हणजे ‘लावा आणि विसरा’ हे सॉफ्टवेअरच्या बाबतीत खरं नसतं. विसरता यावं असं वाटत असेल तर अपडेट आपोआप येणारं किंवा एका बटणावर होणारं, आणि अजून बरीच वर्षं जिवंत राहील असं सॉफ्टवेअर हवं.

आता पर्याय.

तयार पेटी. सिनॉलॉजीसारख्या कंपनीची दोन डिस्कची पेटी घेतली की सॉफ्टवेअर सोबतच येतं. अपडेट, ईमेलने इशारे, फोनचे फोटो उचलणारं ॲप, सगळं तयार. ज्या घरात कॉम्प्युटरमध्ये रस असणारं कोणीच नाही, तिथे आम्ही हेच सुचवू. यात पैसे जास्त जातात आणि कंपनीच्या धोरणावर अवलंबून राहावं लागतं. 2025 मध्ये या कंपनीने प्लस मालिकेतल्या नव्या पेट्यांसाठी स्वतःच्याच यादीतल्या डिस्कची अट घातली होती आणि गिऱ्हाईकांनी ओरड केल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती सैल केली. एक गोष्ट मात्र यांच्या बाजूने सांगायला हवी. त्यांची डिस्कमांडणी आतून लिनक्सच्या नेहमीच्या साधनांवरच उभी आहे, त्यामुळे पेटी मेली तरी साध्या लिनक्स मशीनवर डिस्क लावून फाइली काढता येतात.

ट्रूनॅस. 2005 च्या फ्रीनॅसचा हा वारसदार. पूर्वी फ्रीबीएसडी या वेगळ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचा, आता मुख्य आवृत्ती लिनक्सवर आहे आणि घरगुती वापराला फुकट आहे. याचा पाया झेडएफएस ही फाइलप्रणाली, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत. प्रत्येक तुकड्याबरोबर ती एक पडताळा आकडा लिहून ठेवते. वाचताना आकडा जुळला नाही आणि दुसऱ्या डिस्कवर चांगली प्रत असली, तर खराब तुकडा ती स्वतःच दुरुस्त करते. दुसरं म्हणजे ती जुन्या माहितीवर कधीच थेट लिहीत नाही. नवं आधी वेगळ्या जागी लिहून होतं, मग खूण हलते. ज्या गावात दिवसातून दोनदा लाइट जाते तिथे हा गुण सोन्यासारखा आहे. अर्ध्यात लाइट गेली तर शेवटच्या काही सेकंदांचं काम जाईल, पण फाइलप्रणाली मोडत नाही. 8 जीबी मेमरी आणि सिस्टिमसाठी वेगळी छोटी एसएसडी लागते. ही एसएसडी ट्रूनॅस पूर्ण गिळतो, तिच्यावर फाइली ठेवता येत नाहीत. ‘दर टीबीला 1 जीबी मेमरी हवीच’ असं ऐकू येतं, पण दोन डिस्कच्या घरगुती सर्व्हरला ते लागू करायची गरज नाही. 8 जीबीत फोटो आणि सिनेमे व्यवस्थित चालतात.

ओपनमीडियाव्हॉल्ट. फ्रीनॅसवर काम केलेल्या फोल्कर थाइले यांनी डेबियन लिनक्सवर बांधलेलं. जुनं मशीन, 2 जीबी मेमरी, रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा कॉम्प्युटर, कशावरही चालतं. वेब पानावरून सगळं होतं. कमी मेमरीच्या मशीनला हाच पर्याय. मात्र दर दोनेक वर्षांनी डेबियनची नवी आवृत्ती येते, मागोमाग याची येते, आणि थोड्याच काळात जुन्याचे अपडेट आटतात. ती मोठी उडी दर वेळी सुखाने पार पडतेच असं नाही, विशेषतः बाहेरची प्लगइन्स खूप लावली असतील तर. अशा वेळी आमची पद्धत सोपी आहे: सिस्टिमची एसएसडी पुसून नवी आवृत्ती कोरी टाकावी आणि शेअर, म्हणजे सामायिक फोल्डरं, पुन्हा तयार करावेत. डेटाच्या डिस्कची केबल इन्स्टॉलच्या वेळी काढून ठेवली की चुकून त्यांनाच पुसण्याचा धोका उरत नाही.

अनरेड. वेगवेगळ्या आकाराच्या जुन्या डिस्क पडून असतील तर हा उपयोगी. प्रत्येक डिस्कवर स्वतंत्र फाइलप्रणाली असते आणि बाकीच्यांपैकी एखादी गेली तर तिच्यातली माहिती पुन्हा उभी करता यावी म्हणून एक डिस्क राखलेली असते. ती सर्वात मोठ्या डिस्कइतकी किंवा तिच्याहून मोठी हवी. दोन डिस्क एकदम गेल्या तरी उरलेल्या डिस्कवरच्या फाइली शाबूत राहतात, हा याचा मोठा आधार. लिहिण्याचा वेग कमी असतो, घरी तो चालून जातो. हे विकत घ्यावं लागतं. 2024 पासून स्वस्त परवान्यांमध्ये अपडेट एकच वर्ष मिळतात, पुढच्या अपडेटसाठी पुन्हा पैसे. कमी देखभालीचा सर्व्हर पाहिजे असेल तर हा हिशेब आधी करावा, कारण अपडेट थांबलेला सर्व्हर आपल्याला नको आहे.

साधं डेबियन. लिनक्स रोज वापरणाऱ्याला आम्ही डेबियन आणि सांबा एवढंच लावायला सांगू. सुरक्षेचे अपडेट आपोआप बसवण्याची सोय त्यात आहे आणि एका आवृत्तीला सुमारे पाच वर्षं अपडेट मिळतात. वेब पान नाही, बटणं नाहीत, म्हणून बिघडायलाही कमी आहे. पण टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडताना ज्याला विचार करावा लागतो त्याने या वाटेला जाऊ नये. दीड वर्षाने काय लिहिलं होतं ते आठवत नाही.

जुन्या विंडोज लॅपटॉपवरच फोल्डर शेअर करून ठेवणं तात्पुरतं ठीक. कायमचा सर्व्हर म्हणून नको. अपडेटनंतर मनाला येईल तेव्हा तो रीस्टार्ट होतो आणि डिस्क खराब होत असल्याचा इशारा पाठवण्याची नीट सोय नसते.

ॲपांचा मोह

ट्रूनॅस, अनरेड, सिनॉलॉजी सगळ्यांवर ॲप टाकता येतात: सिनेमे दाखवणारं, फोटोंमधले चेहरे ओळखणारं, जाहिराती अडवणारं. देखभालीचा खरा भार इथूनच सुरू होतो. ट्रूनॅसचंच उदाहरण पाहा. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या 24.10 आवृत्तीत त्यांनी ॲप चालवण्याची आतली यंत्रणा कुबरनेटीसवरून डॉकरवर नेली. बाहेरच्या यादीतून ॲप घेतलेल्यांना ती नव्याने उभी करावी लागली. ज्यांनी फक्त फाइल शेअर लावले होते त्यांना त्या उलथापालथीचं काही सोयरसुतक नव्हतं. पाया आणि ॲप यांचं आयुष्य इतकं वेगळं असतं. म्हणून पहिले सहा महिने एकही ॲप टाकू नये. नंतर एखादं टाकलंच तर त्याची माहिती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि मूळ फोटो त्याच्या ताब्यात देऊ नयेत, फक्त वाचण्याची परवानगी द्यावी.

ट्रूनॅस लावायचं ठरलं तर

बहुतेक घरांसाठी आमची पसंती ही आहे: सेकंडहँड ऑफिसचा छोटा डेस्कटॉप, 8 किंवा 16 जीबी मेमरी, 128 जीबीची एसएसडी, 4 टीबीच्या दोन डिस्क, ट्रूनॅस, आणि ॲप शून्य. डेस्कटॉप घेण्याआधी तो उघडून पाहावा. अगदी पुस्तकाएवढ्या मिनी पीसीत साडेतीन इंची डिस्क बसत नाही आणि त्यापेक्षा मोठ्या कॅबिनेटमध्येही काही वेळा एकच बसते.

डिस्क घेताना ‘सीएमआर’ लिहिलेली, म्हणजे पट्ट्या शेजारी-शेजारी असलेली, घ्यावी. दुसऱ्या प्रकारात, एसएमआरमध्ये, डिस्कवरच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. एक पट्टी बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, पण एक डिस्क बदलून झेडएफएस दुसरीवरून सगळी माहिती तिच्यावर उतरवायला लागला की काम दिवसेंदिवस रखडतं, कधी डिस्क प्रतिसाद देणं थांबवते आणि झेडएफएस तिला खराब समजून बाहेर काढतो. डब्ल्यूडीच्या नावात फक्त ‘रेड’ आणि ‘रेड प्लस’ एवढाच फरक दिसतो. प्लस सीएमआर आहे. यूएसबीच्या बाहेरच्या पेट्यांत डिस्क घालून कायमचा सर्व्हर चालवू नये. त्यातल्या स्वस्त चिप भार पडला की मधूनच जोडणी सोडतात आणि डिस्कची तब्येत सर्व्हरला नीट दिसू देत नाहीत.

दोन डिस्कचा मिरर करावा. अशा एकत्र बांधलेल्या डिस्कना ट्रूनॅस ‘पूल’ म्हणतो. दोन्हींवर तेच लिहिलं जातं. 4 टीबीच्या दोन डिस्क लावल्या की वापरायला 4 टीबी मिळतात आणि पडद्यावर ते 3.6 च्या आसपास दिसतात, कारण मोजायची रीत वेगळी आहे. तीन डिस्कची मांडणी जागा वाचवते, पण मिररमधली कुठलीही एक डिस्क एकटी उचलून दुसऱ्या ट्रूनॅसला लावली तरी सगळं वाचता येतं, आणि तो सोपेपणा आम्हाला जास्त मोलाचा वाटतो.

त्यानंतर पहिल्याच दिवशी ईमेलचे इशारे लावावेत. हे न करता केलेला मिरर म्हणजे अर्धं काम: एक डिस्क गेल्यावर सर्व्हर बिनबोभाट दुसरीवर चालत राहतो, कोणाला कळत नाही, आणि वर्षभराने दुसरी जाते. जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून ‘ॲप पासवर्ड’ तयार करावा लागतो. तो टाकून चाचणीचा मेल पाठवावा आणि स्पॅममध्ये तर गेला नाही ना ते पाहावं. इशाऱ्यात ‘रीॲलोकेटेड’, ‘पेंडिंग’ किंवा ‘अनकरेक्टेबल’ सेक्टरचा (डिस्कवरच्या खराब तुकड्यांचा) आकडा शून्यावरून वाढत चाललेला दिसला तर डिस्क बदलायची तयारी करावी. ‘सीआरसी’ चुका वाढत असतील तर आधी डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदलून पाहावी, बहुधा दोष तिचाच असतो.

स्नॅपशॉटचं वेळापत्रक लावावं: रोज एक, 30 दिवस ठेवायचा. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीचं फोल्डर जसंच्या तसं गोठवून ठेवणं. कोणी चुकून फोटोंचं फोल्डर उडवलं तर विंडोजमध्ये त्या शेअरवर राइट क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून ते परत घेता येतं. याची दुसरी बाजू अशी की 500 जीबीचे सिनेमे पुसले तरी महिनाभर जागा मोकळी होत नाही, कारण स्नॅपशॉटने ते धरून ठेवलेले असतात. जागा 80 टक्क्यांच्या वर भरू देऊ नये. डिस्क पूर्ण वाचून पडताळायचं काम ट्रूनॅस साधारण महिन्यातून एकदा स्वतः करतो. त्या दिवशी डिस्कचा आवाज येतो, सर्व्हर थोडा मंदावतो, घाबरायचं कारण नाही.

अपडेटच्या वेळी ट्रूनॅस आधीची सिस्टिम जपून ठेवतो, म्हणून नवी फसली तर सुरू होताना जुनी निवडून पाच मिनिटांत मागे येता येतं. फक्त एक सापळा आहे. अपडेटनंतर ‘तुमचा पूल नव्या आवृत्तीवर न्या’ अशी सूचना येते आणि हात आपोआप त्या बटणावर जातो. ते बटण दाबलं की जुनी सिस्टिम तो पूल उघडू शकेलच याची खात्री राहत नाही, म्हणजे मागे यायची वाट बंद. दोन-तीन महिने सगळं सुरळीत चाललं की मगच दाबावं, नाही दाबलं तरी काही अडत नाही. मोठी आवृत्ती आली म्हणून पहिल्या आठवड्यात उडी मारू नये. तिची दुसरी-तिसरी दुरुस्ती येईपर्यंत थांबावं. आणि प्रत्येक अपडेटआधी सेटिंगची फाइल, त्यातला ‘सीक्रेट सीड’चा (साठवलेले पासवर्ड उलगडणाऱ्या किल्लीचा) पर्याय निवडून, उतरवून घ्यावी. ती असली की एसएसडी जळाली तरी नवीवर सगळं अर्ध्या तासात जसंच्या तसं उभं राहतं.

जोडणी आणि लाइट

सर्व्हरला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवावा, नाहीतर राउटर रीस्टार्ट झाल्यावर पत्ता बदलतो आणि घरात ‘सर्व्हर बंद पडला’ अशी हाक येते. केबलवाल्याने दिलेल्या काही जुन्या राउटरची पोर्ट 100 एमबीपीएसचीच असतात. त्यातून सेकंदाला 11 एमबीच्या आसपास जातात, म्हणजे 500 जीबी फोटो चढवायला साडेबारा तास. गिगाबिट पोर्टवर तेच काम सव्वा तासात उरकतं. वेग नसेल तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी हे तपासावं.

शेअरला ‘कोणीही या’ अशी पाहुण्यांची परवानगी ठेवू नये. विंडोज 11 च्या 24एच2 या अपडेटपासून प्रो आवृत्ती असं पाहुणं म्हणून जाणं मुळातच नाकारते. प्रत्येकासाठी नाव आणि पासवर्ड करावा. एकाच विंडोजवरून त्याच सर्व्हरला दोन वेगळ्या नावांनी एकदम जाता येत नाही, हेही लक्षात असू द्यावं. पासवर्ड बरोबर असूनही नकार येत असेल तर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधली जुनी नोंद पुसून पाहावी. जुना टीव्ही बॉक्स जोडला जात नाही म्हणून एसएमबी 1 (फोल्डर शेअर करण्याची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू करा असा सल्ला मिळेल, तो ऐकू नये. 2017 चा वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम विंडोजमधल्या त्याच जुन्या दरवाजाने पसरला होता.

इन्व्हर्टर असेल तर त्यावरचं बटण ‘यूपीएस’वर ठेवावं. ‘इको’वर असताना बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात सर्व्हर बंद पडतो. इन्व्हर्टर नसेल तर यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस घ्यावा. बाजारातल्या स्वस्त 600 व्हीएच्या अनेक यूपीएसना तो नसतो, खोका वाचूनच पैसे द्यावेत. त्या केबलवरून बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळतं आणि तो स्वतः नीट बंद होतो. मग बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ‘लाइट आल्यावर चालू हो’ ही सेटिंग लावून ठेवावी. 20 वॉट खाणारं मशीन वर्षाला 175 युनिट घेतं, 60 वॉटचा जुना टॉवर 525. युनिट 10 रुपये धरलं तरी साडेतीन हजारांचा फरक आहे, आणि तो दर वर्षी.

घराबाहेरून बघायचं असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडू नये. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर ते तसंही चालत नाही, कारण कंपनी शेकडो गिऱ्हाईकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते. वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीवर चालणारं टेलस्केल हे ॲप सर्व्हरवर आणि फोनवर, दोन्हीकडे टाकलं की काम होतं. गरज नसेल तर तेही नको.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे

चोरी, वीज कोसळणं, खंडणीखोर प्रोग्रॅम, हे सगळं मिररमधल्या दोन्ही डिस्कना एकदमच गाठतं. त्यामुळे 4 टीबीची एक बाहेरची यूएसबी डिस्क घ्यावी आणि ती तीन महिन्यांतून एकदा लॅपटॉपला लावून सर्व्हरवरची फोल्डरं तिच्यावर उतरवावीत. ती एक्सफॅट या फाइलप्रणालीत ठेवली तर घरातलं कोणीही कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडू शकेल. मग ती बहिणीकडे, भावाकडे, दुसऱ्या घरी ठेवावी. आधार, पॅन, बँकेचे कागद तिच्यावर असतील तर तेवढं फोल्डर पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये घालावं. कॉपी झाल्यावर चार-पाच फोटो आणि एक मोठा व्हिडिओ उघडून पाहिल्याशिवाय डिस्क काढू नये.

डिस्क बदलायची वेळ येते तेव्हा सर्वात जास्त घडणारी चूक म्हणजे चांगली डिस्क काढली जाणं. ती टाळायला दोन्ही डिस्कच्या बाहेरच्या कडेला त्यांच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवावेत. इशाऱ्याच्या मेलमध्ये तोच क्रमांक येतो. सर्व्हरचा पत्ता, लॉगिनचं नाव, पूलचं नाव आणि बाहेरची डिस्क कोणाकडे आहे, एवढं एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा. पासवर्ड त्यावर नको. तो घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असावा.